चौथा भोपळा

वारलेल्या आबांचं, म्हणजे ज्ञानदेव-सावळारामच्या वडिलांचं, पुण्यानुमोदन काल दुपारी झालं, पंगत उठली, पाहुणे वाटेला लागले आणि संध्याकाळपासून भीमा चढायला लागली. सकाळी बघतात तर पाणी वडाच्या पाराला टेकलेलं. वर कुठंतरी धरणाची दारं उघडली असतील, असं थोरला ज्ञानदेव म्हणाला. गेल्या साली याच नदीत पळसथडीची माणसं झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होती. तेव्हा जरा यायचं होतं, तर नाही. आता मात्र न बोलावता दारात हजर.

सावळारामला उद्या सकाळी दौंडला पोचायचं होतं. सात वर्षं तो लोको शेडमध्ये रोजंदारीवर खलाशी होता. कोळसा ओढला, राख उपसली, इंजिनाच्या पोटात शिरून हात भाजून घेतले, तेव्हा कुठं कायम होण्याआधीच्या डॉक्टरी तपासणीला त्याचा नंबर लागला होता. जो गैरहजर राहील त्याच्या जागी मागचा माणूस पुढं सरकणार, आणि मागं माणसांना काही तोटा नव्हता. शिरूरकडच्या रस्त्यावरचा ओढा दोन्ही काठ बुडवून चालला होता, म्हणजे ती वाट बंद. दौंडला जायचं तर समोरची नदी ओलांडायची, दुसरा इलाज नाही.

"नाव कवा सुटंल?" सावळारामच्या बायकोनं, ललितानं, थोरल्या जावेला पुन्हा विचारलं.

चांगुणा चुलीपाशी भाकरी थापत होती. नाव कसली सुटते, ती म्हणाली. दुष्काळात दोन वर्षं नाव काठावर पालथी पडली होती, उन्हानं फळ्या उकलल्या होत्या. कोंडिबा नावाडी आणि त्याचा म्हाळू आज करू, उद्या करू म्हणत बसले. आता पाणी दारात आल्यावर बापलेक डांबराचा डबा घेऊन पळतायत. ते डांबर वाळायलाच दोन दिवस जातील.

 ललिता दौंडच्या रेल्वे चाळीत वाढलेली. पाणी म्हणजे नळाचं, तेही ठरल्या वेळेला. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि नवऱ्याची नोकरी कायम झाली की क्वार्टरसाठी नाव घालायचं, मग लहान्याला शाळेत, मग स्वतःची शिलाई मशीन, असं सगळं तिनं मनात ओळीनं मांडून ठेवलं होतं. त्या ओळीतला पहिलाच मणी आता निसटायला बघत होता.

तेवढ्यात तिची सासू उठली. साखरबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, उतरंडीवर पाय देऊ नका म्हणून सुनांना बजावलं आणि ज्ञानदेवाला शिडी आणायला सांगितलं. आढ्याला शिंक्यांत टांगलेले मोठाले वाळके भोपळे तिनं एकेक करून खाली घेतले. धुरानं ते काळे झाले होते. ते खाली येताना सावळाराम दुसरीकडं बघत राहिला, हे ललितानं बघितलं.

त्याला कारण होतं. 'साखरबाईचे भोपळे' हा या काठावरच्या गावांत बोलण्याचा भाग झाला होता. कुणी चैत्रातच छत्री दुरुस्त करून आणली, कुणी पोरीचं लग्न ठरायच्या आधी दुपटी शिवली, की लोक हसून म्हणायचे, काय, साखरबाईचे भोपळे का? शेडमध्ये काठावरचाच एक गाववाला होता. सावळाराम डब्यात दोन भाकरी जास्त घेऊन गेला की तोही हेच म्हणायचा. ललितानं एकदा अर्थ विचारला, तर आमच्या आईला भोपळ्याची भाजी फार आवडते म्हणून चिडवतात, असं सांगून सावळारामनं विषय बदलला होता. नवऱ्यानं आपल्याला थाप मारली होती, हे ललिताला आज कळलं. एरवी तिनं त्याला सोडलं नसतं, पण ही भांडायची वेळ नव्हती.

साखरबाईनं एकेका भोपळ्यावर बोटानं टिचकी मारली. मग रांजणात बुडवून, वर हातानं दाबून, कान लावून बसली. बुडबुडा येतो का ते बघायचं. तीन झाले. चौथं शिंकं रिकामंच होतं.

रिकाम्या शिंक्याकडं ज्ञानदेवानंही बघितलं आणि मान खाली घातली. चौथा भोपळा त्याच्या एकतारीला लागला होता. ज्ञानदेव गायनपार्टीचा म्होरक्या. जयंतीला त्याचा आवाज पलीकडच्या काठाला ऐकू जायचा. दुष्काळात नदीत वाळू उडत असताना हे भोपळे कुणासाठी टांगायचे, असं सावळारामच सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला होता. ज्ञानदेवाला तेवढंच निमित्त पुरलं. सगळ्यांत मोठा भोपळा काढून त्यानं तोंड कापलं, कातडं चढवलं, दांडी घातली. आई खडी फोडायच्या कामावरून आली, तिनं ते बघितलं.  त्या दिवशी ती जेवली नाही. म्हातारपणाचा हट्ट म्हणून दोघा भावांनी ते सोडून दिलं होतं.

"तीन बास हायेत," साखरबाई ज्ञानदेवाला म्हणाली. "दोन सावळ्याच्या कमरंला, एक तुज्या. त्याला पल्याड सोड, पानी उतरलं की ये."

ललिताचा जीव खाली पडला. तिनं लगबगीनं नवऱ्याचा धुतलेला सदरा आणि पँट गुंडाळून रबरी कापडाच्या पिशवीत घातली, ती डोक्याला कशी बांधायची ते चांगुणेनं दाखवलं. साखरबाईनं पोरांना चालायला यायच्या आधी पोहायला घातलं होतं, असं चांगुणा म्हणाली. काळजी नको करू. दोन भोपळे कमरेला असले की झोपेतही माणूस बुडत नाही. ललिताला सासूचं भलतं कौतुक वाटलं आणि नवऱ्याचा रागही आला, की असली बाई घरात असताना हा लाजतो कशाला.

दोर वळून होत आला आणि अंगणाबाहेरून हाक आली.

"साखरबाई हायेत का?"

कोंडिबा नावाडी उभा होता. वळचणीच्या बाहेर, पावसात. आयुष्यभर त्यानं तिला 'ए साखरे' अशी हाक मारलेली. आज नावापुढं बाई लावली हे सगळ्यांनी ऐकलं, आणि त्यामुळंच काहीतरी वाईट झालं असणार हे चांगुणेनं ओळखलं.

म्हाळूला पान लागलं होतं. बापलेक पालथी नाव उलटायला गेले, म्हाळूनं खाली हात घातला, तिथं पाण्याला भिऊन घोणस वेटोळं घालून बसलेली. हात कोपरापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. भगताकडं नेलं, त्यानं हात जोडले. सुई दौंडच्या दवाखान्यात. म्हाळू शुद्धीवर होता, पण त्याला पाण्यात घालायचा तर आडवाच घालावा लागणार. म्हणजे बाजेच्या चारी कोपऱ्यांना भोपळे बांधून सांगड करायची आणि दोघा पोहणाऱ्यांनी ती ढकलत न्यायची. एवढं कोंडिबानं एका दमात सांगितलं. मग म्हणाला, "माज्या पाठीत आता जोर न्हाई. तुमची पोरं पव्हत्यात."

 हिशेब कळायला कुणाला शाळा लागत नव्हती. भोपळे बाजेला गेले तर कमरेला काही उरत नव्हतं. सावळाराम आता एकटा निघाला तर तासाभरात पलीकडं कोरडा होणार होता. म्हाळूला घेऊन निघाला तर मोकळ्या अंगानं, एवढं ओझं ढकलत, या पाण्यातून. आणि सांगड एकदा वाहत खाली गेली की आज परत आणता येणार नाही.

ललिता उठून सासूसमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर सरळ करत तिनं बोलायला सुरुवात केली. ह्यांना काही झालं तर मी लहान्याला घेऊन कुणाच्या दारात उभी राहू? नाव त्यांची, दोन वर्षं झोपले ते, आणि जीव माझ्या माणसाचा घालवायचा? लाज वाटत होती तिला असं बोलायची, कारण दारात बाप उभा होता आणि ऐकत होता. तरी ती थांबली नाही.

 सावळारामला उद्याची रांग दिसत होती, डॉक्टरचं टेबल दिसत होतं. म्हाळू त्याच्याच वयाचा. लहानपणी दोघांनी एकाच डोहात उड्या मारल्या होत्या, फक्त घरी जाताना वेगळ्या वाटेनं जायचे. नाही म्हणावं असं त्याच्या जिभेवर आलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणी म्हटलं तर बरं, असंही वाटत होतं.

ज्ञानदेवानं ते काम केलं. थोरला, संथ माणूस, पण आज त्याचा चेहरा आवळला होता. तो म्हणाला, नावेच्या उतारावर आमच्या आबांना आधी सगळं गाव जाऊ देऊन मग नावेत घ्यायचे, तेही कडेला. ते मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. आमच्या भोपळ्यांवर सगळ्यात जास्त कोण हसलं, हेही ठाऊक आहे.

"भावजी, तुमाला निम्मंच ठावं हाय," चांगुणा म्हणाली, आणि ती ज्ञानदेवाशी नव्हे, सावळारामशी बोलत होती. साखरबाईनं हात वर केला, गप म्हणून. चांगुणा गप बसणाऱ्यांतली नव्हती. चौदा वर्षं एका चुलीवर राबताना सासूनं हे एकदाच सांगितलं होतं आणि तेव्हापासून ते तिच्या घशात अडकलेलं होतं.

तुमच्या दोघांच्या आधी एक मुलगी होती, ती म्हणाली. पाच वर्षांची. पटकीची साथ आली, पोरीला उलट्या लागल्या. पलीकडं डॉक्टर आला होता. आत्या, म्हणजे तुमची आई, पोरीला पदरात घेऊन सकाळपासून उतारावर बसल्या. नाव भरायची, जायची, यायची. आधी पाटलाची माणसं, मग बाजाराची, मग शेळ्या. शेळ्या नेल्या, भावजी. रोगाची पोर आन् त्यात तुमची, नाव बाटंल म्हणाले. दिवस कलला तेव्हा पोर तिथंच काठावर गेली. पुढच्या आखाडात आत्यांनी परसात भोपळ्याचा वेल लावला. भोपळे वाळवून टांगले तेव्हा लोकांनी विचारलं, तर म्हणाल्या, नदी आली तर असावेत. तेव्हा उन्हाळा, नदी आटलेली, म्हणून लोक हसले. तिथनं ते बोलणं सुरू झालं.

ताप येऊन गेली, एवढंच मुलांना माहीत होतं. ज्ञानदेव भिंतीला टेकला. आपण काय कापलं ते त्याला आत्ता कळत होतं, आणि त्याला रडू आवरेना.

सगळ्यांनी कोंडिबाकडं बघितलं. तो तसाच भिजत उभा होता. नाकारलं नाही त्यानं. नाव तेव्हा त्याच्या बापाची होती, असंही म्हणाला नाही.

साखरबाई भोपळ्यांपाशी बसली होती. तिला काय वाटत होतं ते तिनं पुढंही कधी कुणाला सांगितलं नाही. पण चांगुणा जवळ होती, तिला दिसलं की म्हातारीचा हात एका भोपळ्यावरून पुन्हा पुन्हा फिरतोय. आत चूल धुमसत होती, ती सारायलाही कुणी उठलं नाही.

"मी ह्ये कशापायी टांगलं?" शेवटी ती म्हणाली. "काठावर वाट बघत कुनी मरू नये म्हून. कुनी म्हंजी माजंच असं न्हवतं ठरवलं मी." मग ललिताकडं वळून म्हणाली, "पोरी, नवरा तुजा हाय. तू न्हाई म्हन, मी त्याला धाडनार न्हाई. ज्ञानदेव आन् मी जाऊ."

ही साठीची बाई नुसतं बोलत नाही, खरंच पाण्यात उतरेल, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ललिताला सासूचा भयंकर राग आला. निवाडा तिच्या पदरात टाकून म्हातारी मोकळी झाली होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो सदऱ्याची बटणं काढत होता.

"जावा," ती म्हणाली. "पन पोचल्यावर दिसंल असं कायतरी करा."

मग बोलायला कुणाला सवड राहिली नाही. बाज अंगणात आली, कोपरे बांधून झाले, तीन. चौथ्यासाठी ज्ञानदेव आत गेला आणि खुंटीवरची एकतारी घेऊन आला. दांडी उपसली. तार तटकन तुटली. कोंडिबाला म्हणाला, डांबर आणा. नावेसाठी तापवलेलं डांबर होतंच. कातड्यावर, दांडीच्या भोकांवर डांबर, त्यावर गोणपाट, परत डांबर. कोंडिबा स्वतः लिंपत होता, नावेच्या फटी लिंपतात तसं, बोटं भाजत होती तरी. रांजणात दाबून बघितलं तर एक बुडबुडा आला. थांबून आणखी एक. डांबर अजून ओलंच होतं, पण म्हाळूच्या हातावर काळे डाग उठायला लागले होते.

"त्यो कोपरा माजा," सावळाराम म्हणाला.

वडापासून बरंच वर चालत जाऊन त्यांनी सांगड पाण्यात सोडली. अर्धं गाव काठावर जमलं होतं. म्हाळूला बाजेवर दोरानं बांधलेलं, डोक्याखाली सावळारामची कपड्यांची पिशवी. ललितानं लहान्याला चांगुणेच्या कडेवर दिलं आणि काठाकाठानं चालत राहिली.

पाण्यात शिरल्यावर सावळारामला कळलं की लहानपणची नदी वेगळी होती. ही ढकलत नव्हती, खाली ओढत होती. मधल्या धारेत झाडाची फांदी येऊन बाजेला लागली, सांगड फिरली आणि त्याचा कोपरा खाली जायला लागला. एकतारीच्या भोपळ्यात पाणी शिरलं होतं. त्यानं खांदा बाजेच्या गातेखाली, कडेच्या दांड्याखाली, घातला आणि पाय मारत राहिला. नाकातोंडात गढूळ पाणी. पलीकडून ज्ञानदेव त्याला नावानं हाका मारत होता, आणि प्रत्येक हाकेला ओ दे, असं ओरडत होता. तो ओ देत राहिला. वर म्हाळू पुटपुटत होता की मला सोडा. गप पड, एवढंच सावळारामनं म्हटलं. शिवीही दिली, जुनी, डोहावरची.

काठावरून ललिताला आधी दोन डोकी दिसत होती, मग एक, मग वळणाच्या बाभळींआड काहीच नाही.  चांगुणा तिला हाताला धरून जवळच्या टेकाडावर घेऊन गेली. साखरबाई आधीच तिथं जाऊन उभी होती, आणि तिच्यापासून चार हात लांब कोंडिबा. सगळे पलीकडच्या काठाकडं बघत होते. पाऊस उघडला. गुरं हंबरायची वेळ झाली. लहाना भुकेनं रडला, रडून झोपला.  आपण 'जावा' म्हणालो, हेच ललिताच्या डोक्यात घण घालत होतं.

खूप खाली, पलीकडच्या उसाच्या कडेला, काहीतरी पांढरं हललं. बगळे असतील म्हणून तिनं डोळे मिटले. परत उघडले तेव्हाही ते हलत होतं. वर, खाली. वर, खाली. धुतलेला सदरा होता तो, उद्यासाठीचा.

चांगुणेनं तिला मिठीत घेतलं आणि दोघी जावा रडल्या. साखरबाई रडली नाही. पोराचा सदरा मळला आता, असं काहीतरी म्हणाली आणि खाली उतरायला लागली.

पाणी उतरल्यावर दोघे भाऊ परत आले. सावळारामच्या खांद्याची साल गेली होती आणि पाठीला डांबर. तो दौंडला रांगेत सगळ्यांत शेवटी उभा राहिला होता, अंगाला उसाचा चिखल. आधी त्याला बाहेर काढलं, मग डॉक्टरनं हे काय म्हणून विचारलं आणि ऐकून घेतलं. नोकरी कायम झाली. म्हाळूचं एक बोट गेलं, जीव राहिला. एवढं सगळं सांगून झाल्यावर सावळाराम आढ्याच्या रिकाम्या शिंक्यांकडं बघत बसला, आणि कुणी न सांगता दुसऱ्या दिवशी त्यानं ती उतरवून नवा दोर ओवला.

कोंडिबा त्यानंतर एका दुपारी आला. या खेपेला अंगणातच आला, पण बसेना. तीन भोपळे त्यानं धुऊनपुसून आणले होते. चौथा फुटला होता, त्याची खापरीसुद्धा फडक्यात बांधून आणली होती. साखरबाई सुपात धान्य पाखडत होती.

"तवा वल्हं माज्या हातात व्हतं," तो म्हणाला.

"ठावं हाय मला."

ती पाखडत राहिली. चांगुणा दारात आली आणि तिथंच थांबली. कोंडिबानं हातातलं फडकं दोनदा उलटंसुलटं केलं.

"पोरीचं नाव काय व्हतं?"

सूप थांबलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत हे गावात कुणी विचारलं नव्हतं.  साखरबाई उठून आत गेली, बराच वेळ आली नाही, आणि आली तेव्हा तिच्या हातात लुगड्याच्या चिंधीत बांधलेली पुरचुंडी होती.

"जाई," ती म्हणाली आणि पुरचुंडी त्याच्या हातावर ठेवली. "ह्ये भोपळ्याचं बी हाय. आखाडात लाव, छपरावर सोड. आन् वाळल्यावर मोजके ठिवू नगंस, चार जास्तीचे ठिव."

कोंडिबानं ती कमरेला खोचली. मग ओट्याच्या कडेला बसला आणि त्यानं चांगुणेकडं प्यायला पाणी मागितलं.